तोंड फिरवलेली करवंटी

दिगूकाका गेल्याचं आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी पहिलं काय विचारलं असेल, तर "कोणी सांगल्यान?" पलीकडून आई तडकून म्हणाली, "कोणी म्हणजे? प्रसादाचो फोन इलो. सकाळी वर्ग घेतल्यान, पेज जेवलो, पडवीत आडवो झालो तो उठलोच नाय. तुका काय आता पोलिसांचो कागद व्हयो?" आईचा राग खरा होता. पण ज्याच्या मरणाची ती बातमी होती त्याला माझा प्रश्न आवडला असता, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. कानावर काहीही आलं की आधी सांगणाऱ्याकडे बघायचं, हे त्यानेच मला शिकवलं. आणि ती शिकवणी अंगात इतकी मुरली की शेवटी मी त्याच्याकडेच त्या नजरेने बघायला लागले. सतरा वर्षं बघत राहिले.

दिगूकाका म्हणजे माझ्या वडिलांचा मावसभाऊ, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. कट्टा गावच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर त्याचं घर. काकी लवकर गेली, त्यामुळे घरात तो आणि त्याचा एकुलता मुलगा प्रसाद, दोघेच. निवृत्त झाल्यावर हा माणूस गप्प बसेल असं कोणाला वाटलं नव्हतंच. त्याने पडवीत स्पर्धा परीक्षांचा वर्ग सुरू केला. तलाठी, लिपिक, पोलीस भरती, जी जाहिरात निघेल तिची तयारी. आजूबाजूच्या वाड्यांतली पंधरा-वीस मुलं-मुली सकाळी सातला हजर असत. त्यांत मीही होते, तेवीस वर्षांची, आमच्या वाडीतून व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडून अर्धा तास चालत येणारी. प्रसाद माझ्याच वयाचा. तो घरातून चहा पिऊन येऊन बसायचा, त्याचासुद्धा मला तेव्हा राग यायचा.

काकाचा जीव एकाच प्रकारच्या गणितांवर होता. या परीक्षांत एक प्रश्न देतात आणि त्याखाली दोन विधानं देतात. उत्तर काढायचं नसतंच. एवढंच सांगायचं, की उत्तर काढायला ही माहिती पुरते की नाही. पहिल्या विधानाने भागतं, दुसऱ्याने भागतं, कुठल्याही एकाने भागतं, दोन्ही मिळून लागतात, की दोन्ही मिळूनही अपुरीच. असे पाच पर्याय. त्यातही काकाला आवडायची ती रांगेची गणितं... अमका डावीकडून सातवा, तमका उजवीकडून अकरावा, तर रांगेत एकूण किती? पोरं वहीत टिंबं काढत बसायची ते त्याला बघवायचं नाही. पडवीच्या रुंद कठड्यावर तो करवंट्यांची रांग लावायचा. नारळ घरचेच, तेव्हा करवंट्यांना तोटा नव्हता. प्रत्येक करवंटी पालथी घातलेली, एका बाजूला चुन्याच्या बोटाने काढलेलं नाक आणि मागच्या बाजूला कोयत्याच्या टोकाने कोरलेलं वर्गातल्या एकेकाच्या नावाचं पहिलं अक्षर. माझी 'सु', प्रसादची 'प्र'. कठड्याला त्या वर्षी पोपटी रंग दिला होता, इतका भडक की त्यावर त्या काळ्या करवंट्या उठून दिसायच्या.

नाक कशाला, असं नव्या पोराने विचारलं की काका खूश व्हायचा. प्रश्न तो वाचायचा छापील मराठीत, ठासून, आणि समजवायला लागला की मालवणीवर यायचा. "तेचा तोंड खंय आसा, ता पयलां इचार. मगे डावा-उजवा बघ." रांगेतली माणसं आपल्याकडे तोंड करून उभी असतील तर त्यांचं उजवं ते आपलं डावं. प्रश्नात तोंड कुठे ते दिलेलं नसेल तर उजवं-डावं बोलायचंच नाही. "दिलेला नाय ता धरूचा नाय," हे दुसरं वाक्य. ही दोन वाक्यं दिवसातून दहा वेळा. मुलांनी त्याचं नाव 'अपुरे सर' पाडलं होतं, कारण दहातल्या सहा गणितांचं उत्तर तो पाचव्या पर्यायावर आणून सोडायचा.

बाजारातही तोच प्रकार. एकदा मी त्याच्याबरोबर होते. मासे विकणारी बाई म्हणाली, "सर, सकाळचेच बांगडे आसत." काकाने बांगड्याचा कल्ला उघडून बघितला आणि शांतपणे विचारलं, "खंयच्या दिसाच्या सकाळचे?" बाईने त्याला जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. एसटी स्टॉपवर कोणी म्हणालं की गाडी येतेच आहे, तर हा विचारणार, कुठून निघालेली बघितलीस? लोक वैतागायचे. मला मात्र भारी मजा यायची. आमच्या घरी सगळे भोळे, जो काय सांगेल ते खरं मानणारे. संशय घेणं ही शिकायची विद्या आहे हे मला त्या पडवीत पहिल्यांदा कळलं.

एका सकाळी त्याने गणित घातलं ते अजून तोंडपाठ आहे. एका रांगेत सुमन डावीकडून सातवी आहे, तर रांगेत एकूण किती जण आहेत? विधान पहिलं, प्रसाद उजवीकडून पाचवा आहे. विधान दुसरं, सुमन आणि प्रसाद यांच्यामध्ये तीन जण आहेत. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. मी हात वर केला. सात, मधले तीन आणि पलीकडचे पाच, झाले पंधरा. दोन्ही विधानं मिळून पुरेशी, पर्याय चौथा. काकाने माझ्याकडे असं बघितलं जसं त्या बांगड्याकडे बघितलं होतं. "प्रसाद तुझ्या उजवेक आसा, ह्या तुका कोणी सांगल्यान?" मग त्याने कठड्यावर सातच करवंट्या मांडल्या. डावीकडून सातव्या जागी, म्हणजे अगदी टोकाला, माझी ठेवली. तिसऱ्या जागी प्रसादची. मधे तीन. प्रसाद उजवीकडून मोज... पाचवा. सगळं जुळत होतं आणि रांग मात्र सातांची होती. पंधराही बरोबर, सातही बरोबर, म्हणजे माहिती अपुरी. पोरं हसली. प्रसाद सगळ्यांत मोठ्याने हसला. मी घरी जाईपर्यंत धुमसत होते. चुकले म्हणून राग नव्हता. प्रसाद माझ्या पुढेसुद्धा असू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं याचा राग होता.

त्याच वर्षी एका खात्याची लिपिकांची भरती निघाली. मी आणि प्रसाद दोघांनीही परीक्षा दिली. निवड यादीत दोघांचंही नाव नव्हतं, पण प्रतीक्षा यादीत होतं. मी पहिली, प्रसाद दुसरा. आमच्या वाडीला पावसात पोस्टमन यायचा नाही, पत्रं दुकानात पडून भिजायची, म्हणून अर्जावर मी पत्ता काकाच्या घराचा दिला होता. त्यानेच तसं सुचवलं होतं. पुढे निवड झालेली एक बाई हजर झाली नाही आणि तिच्या जागी मला कागदपत्रं घेऊन ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत बोलावल्याचं पत्र आलं. पत्र आलं ते काकाच्या घरी. माझ्या हातात पडलं ते तारीख उलटून दोन दिवस झाल्यावर.

शनिवार होता. वर्ग सुटला, पोरं पांगली, प्रसाद बाजारात गेला. काकाने मला थांबवलं आणि खिशातून पाकीट काढलं. "सुमे, ह्या घे. उशीर झालो. माजी चूक." मी पत्र वाचलं आणि विचारलं, चूक म्हणजे कसली? पत्र आलं कधी? होतं कुठे? काका कठड्याकडे बघत म्हणाला, "चूक ती चूक. सोमवारी पयल्या गाडयेन ओरोसाक जावया. उशीर माझ्यामुळे झालो म्हणान मी सायबाक लिवन देतंय." एवढंच. हा माणूस मासेवालीला सकाळ कुठली ते विचारायचा, आणि स्वतः एक तारीख सांगायला तयार नव्हता. माझ्या डोक्यात दोन विधानं धडाधड मांडली गेली. पत्र याच्या घरी आलं होतं. मी चुकले तर याच्या मुलाचा नंबर लागत होता. पुरेशी, पर्याय चौथा.

"नाटकां पुरे झाली," मी म्हणाले. आयुष्यात त्याच्याशी असं बोलले नव्हते. कठड्यावर त्या दिवशीची रांग तशीच होती, सगळ्या करवंट्यांची नाकं पडवीकडे. मी माझी करवंटी उचलली, तिचं नाक बाहेर खळ्याकडे, म्हणजे अंगणाकडे, फिरवलं, आदळून ठेवली आणि निघाले. सोमवारी ओरोसला गेले नाही. गेले असते तर काय झालं असतं... साहेबाने कदाचित ऐकलं असतं, कदाचित हाकलून दिलं असतं. मी ते बघायलाच गेले नाही. त्याच्या लिहून देण्यातही मला डाव दिसला. पंधरा दिवसांत प्रसादला बोलावणं आलं आणि तो नोकरीला लागला.

आमच्याकडे माहिती अपुरी पडली की माणसं देवळात जातात. त्याच महिन्यात मी आचऱ्याला मावशीकडे गेले होते. मावशीला विहीर खणायची होती, मागच्या फणसाजवळ खणावी की नको याचा कौल लावायला ती मला बरोबर घेऊन गेली. मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि वाट बघतात. उजवी कळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. गुरव मावशीचं गाऱ्हाणं घालत होता आणि मी मागे उभी राहून मनातल्या मनात माझा प्रश्न घुसवला. दिगूकाकाने माझं पत्र मुद्दाम दाबलं का? दुसऱ्याच्या कौलात आपला प्रश्न घालायचा नसतो हे मला शेंबड्या पोरीसारखं कोणी सांगायची गरज नव्हती. पण मला आत जाळत होतं, कोणाजवळ बोलायची सोय नव्हती. कळी हलली, सुटली आणि माझ्या उजव्या हाताच्या बाजूला पडली. मी पुढचं ऐकायला थांबलेच नाही. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. देवानेच सांगितलं, आता आणखी काय हवं? त्यानंतर मी दिगूकाकाच्या घराची पायरी चढले नाही.

चार वर्षांनी मी दुसऱ्या खात्यात लागले, तेही ओरोसलाच. लग्न झालं, मुलगी झाली, सरकारी वसाहतीत राहायला आले. प्रसादची खोली दोन इमारती सोडून. समोरासमोर आलो की तो मान खाली घालून जायचा आणि मी मान वर करून. लग्नाकार्यात काका दिसायचा. "बरी मा गो?" एवढं विचारायचा, मी "बरी" म्हणून पंगतीत दुसरीकडे जाऊन बसायचे. एक गोष्ट मात्र मी टिपून ठेवली होती. महिन्यातून एकदा काका ओरोसच्या स्टॉपवर दिसायचा. हातात पिशवी, त्यात तांदूळ, कोकमं, कधी फणसाचे गरे. प्रसाद स्टॉपवर यायचा, पिशवी घ्यायचा आणि काका परतीच्या गाडीने जायचा. मुलाच्या घरी तो एकदाही आला नाही. वसाहतीतल्या बायका म्हणायच्या, सुनेशी पटत नसेल. मी मनात म्हणायचे, सुनेचं काय घेऊन बसलात, वसाहतीत आला तर माझ्याशी गाठ पडेल म्हणून टाळतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी रेवा पाचवीत होती, शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी चालली होती. रविवारी दुपारी तिने पुस्तकातलं गणित पुढे केलं. दहा मुलं रांगेत आपल्याकडे तोंड करून उभी आहेत, अमुक मुलाच्या उजव्या हाताला कोण? रेवाने भराभर स्वतःच्या उजव्या हाताकडच्या मुलाचं नाव लिहिलं. मी तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "अगो, तेंची तोंडां खंय आसत? ता पयलां बघ." ...आणि तशीच बसून राहिले. देवाचं तोंड माझ्याकडे होतं. कौलात उजवं-डावं धरतात ते देवाचं. कळी माझ्या उजवीकडे पडली, म्हणजे ती देवाची डावी. रेवा हात हलवत होती, आई, बरोबर का? मला आचऱ्याची मावशीची विहीर दिसत होती. ती विहीर फणसाजवळ नाही. माडाजवळ आहे. पंधरा वर्षं मी त्या विहिरीचं पाणी पीत होते आणि ती तिथे का खणली हे एकदाही विचारलं नव्हतं.

तेव्हा मी उठून कट्ट्याची गाडी पकडायला हवी होती. ओरोस ते कट्टा म्हणजे काही काशी-रामेश्वर नाही. पण मनाला एकदा संशयाची चटक लागली की लागली. मी म्हटलं, कौल तर मावशीच्या विहिरीचा होता. तो माझ्यासाठी उजवाही नाही आणि डावाही नाही. कौल बाद झाला म्हणून काका सुटला असं कुठे आहे? पत्र त्याच्या घरी होतं ते होतंच. असा मी माझ्याशी दोन वर्षं वाद घातला. खरं सांगायचं तर लाज वाटत होती. आज नको, चतुर्थीला जाऊ, चतुर्थीला गर्दी असते, नंतर जाऊ... असं करता करता आईचा फोन आला. या दोन वर्षांबद्दल मी स्वतःला माफ करू शकत नाही. बाकीच्या पंधरांचं बघता येईल.

बाराव्याला गेले. सतरा वर्षांनी ते खळं, ती पडवी. जेवणं आटोपल्यावर माणसं पांगली आणि प्रसाद माझ्यासमोर येऊन उभा राहिला. केस पांढरे झालेले, डोळे सुजलेले. मालवणी सोडून तो ऑफिसातल्यासारखं बोलायला लागला. "सुमन, ते पत्र पोस्टमनने माझ्या हातात दिलं होतं. मी ते पाच दिवस लपवून ठेवलं. बाबांना शुक्रवारी रात्री सापडलं. त्यांनी तुला ते सांगू दिलं नाही." मी विचारलं, कुठे ठेवलं होतंस? "भाताच्या कणगीमागे," तो लगेच म्हणाला. इतकं लगेच, की मला संशय आला. सतरा वर्षांपूर्वीची जागा अशी जिभेवर असते का? आणि आजच का सांगतोयस? बाप होता तोवर बापावर ढकललं, आता बाप गेल्यावर त्याचं नाव धुऊन काढतोयस? की बापाने जसं तुला पाठीशी घातलं तसं तू आता त्याला घालतोयस? हे सगळं मी त्याला बोलले. तो रडला नाही, भांडला नाही. एवढंच म्हणाला, "त्यांनी माझ्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही, सुमन. स्टॉपवरून परत जायचे. नातीला बघायलासुद्धा वर आले नाहीत." स्टॉपवरची ती पिशवी मी पाहिली होती. ती गोष्ट मी वर्षानुवर्षं दुसऱ्या बाजूने बघत आले होते. तरीही माझं मन म्हणत होतं की हे सांगणारा प्रसाद आहे. आणि काकाला खरं कळलं होतं तर त्याने मुलाला ती नोकरी घेऊ का दिली, हाही प्रश्न होताच. तो राग माझा अजून गेलेला नाही, आणि मेलेल्या माणसाबद्दल खोटं लिहायची मला सवय नाही.

मी बाहेर पडवीत आले. कठडा आता चॉकलेटी रंगाचा झालेला. करवंट्यांची रांग होती तशीच, नवीन पोरांच्या नवीन करवंट्या, शेवटच्या सकाळच्या गणितासाठी मांडलेल्या. सगळ्यांची नाकं पडवीकडे. मधे एकच करवंटी पाठमोरी, तिचं अक्षर माझ्याकडे. 'सु'. कोरलेल्या रेघांत धूळ बसलेली. पहिल्यांदा मनात आलं, ही प्रसादने आज सकाळी ठेवली असेल. मी येणार हे त्याला माहीत होतं. जुन्या अडगळीतून काढली असेल, मांडली असेल. असं वाटलं मला. देवाशप्पथ, असंच वाटलं.

कठड्याच्या टोकाला एक मुलगी बसली होती, वीसेक वर्षांची, मांडीवर पुस्तक. सरांनी वाचायला दिलेलं परत करायला आले आणि आता कोणाकडे देऊ, म्हणून विचारत होती. नाव अक्षता. मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ही एक अशी पाठमोरी कित्या गो?"

"ती आमच्या आदीपासून आसा," ती म्हणाली. "सर कोणाक हात लावूक देय नसत. बाकीची रांग तिच्या भोवती मांडत. आमी इचारला, सर, ही सरळ करू? तर म्हणत, तिचा तोंड तीच येवन वळवतली. मोजताना मात्र तिका सोडूचा नाय." मग तिने माझ्याकडे बघितलं. "तुमी ओळखतास हिका?"

"नाय," मी म्हणाले.

ती पुस्तक घेऊन आत गेली. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी करवंटीला हात घातला, खरंखोटं करायला. कोणाचंही सांगणं तपासल्याशिवाय घ्यायचं नाही, हे ज्याने शिकवलं त्याच्याच पडवीत. करवंटी हलली नाही. पुन्हा जोर लावला. कडेने ती कठड्याला चिकटून बसली होती. काका दर चतुर्थीच्या आधी हा कठडा स्वतःच्या हाताने रंगवायचा, आणि प्रत्येक वर्षी ब्रश तिच्या भोवतीने फिरवत गेला होता. रंगावर रंग बसून तिच्याभोवती जाड कड झाली होती. मी नखांनी ती कड सोडवली, करवंटी दोन्ही हातांनी फिरवून ओढली, तेव्हा कट्कन आवाज होऊन ती सुटली. खाली एक गोल होता. पोपटी. त्या शनिवारचा पोपटी रंग, कालच दिल्यासारखा. बाजूने कड बघितली तर चॉकलेटीखाली निळा, निळ्याखाली पिवळा, त्याखाली परत निळा... मोजायला लागले आणि मोजता येईनासं झालं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. पत्र कोणी लपवलं, हे मला आजही माहीत नाही. घरी येऊन ते जुनं पाकीट काढून हुंगून बघितलं, भाताचा वास येतोय का म्हणून. सतरा वर्षांनी कसला वास येतोय. पण त्या माणसाने माझी वाट पाहिली की नाही, एवढंच विचारलं तर त्या गोलाशिवाय मला दुसऱ्या कुठल्याच विधानाची गरज नव्हती.

मी करवंटी पदराने पुसली. चुन्याचं नाक केव्हाच विरून गेलं होतं, नुसती एक पांढुरकी खूण राहिली होती. तिचं तोंड पडवीकडे केलं, जिथे त्याची खुर्ची होती, आणि जागेवर ठेवायला गेले. ती बसेना. करवंटी कधी अगदी गोल नसते. उलट्या बाजूने सतरा वर्षं बसून जी कड झाली होती, तिच्यात ती आता सरळ बसत नव्हती. मी दाबली, सरकवली, परत दाबली. शेवटी जशी राहिली तशी ठेवली, जराशी कलती, एका बाजूने चंद्रकोरीएवढा पोपटी रंग उघडा राहिला. आतून प्रसादने विचारलं, "सुमन, चाय घेवन येव?" मी त्याला म्हटलं, घेवन ये, दोन कप. एक तुझो.